पांढरी कॅप्सूल, काळी कॅप्सूल आणि मामांची जीभ

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत मी अशा एका घटनेचे निवेदन करणार आहे, की जिच्यात कॉफीचे एक यंत्र, रंगीबेरंगी कॅप्सूलनी भरलेला एक लाकडी खण आणि माझ्या मामांची जीभ या तिघांचा सहभाग आहे. मनुष्य आपली आवड कशाच्या आधारे ठरवतो, हा गहन प्रश्न होय. त्याचे संपूर्ण उत्तर माझ्याजवळ आहे असा माझा दावा नाही. परंतु जे घडले ते मी समक्ष पाहिले, आणि पाहत असताना माझे कुतूहल इतके जागृत झाले की हातातील काम अनेकदा थांबले व त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली.

मी व्यवसायाने बायंडर आहे. माझे अर्धे शिक्षण शाळेत झाले आणि उरलेले फर्म्यांवर. फर्मा म्हणजे छापखान्यातून येणारा मोठा कागद, ज्याला घड्या घालून आम्ही त्याची पुस्तकाची पाने करतो. घड्या घालताना मी वाचतो. त्यामुळे मी वाचलेले बहुतेक ग्रंथ मध्येच सुरू होतात आणि मध्येच संपतात. प्रस्तावनेचा फर्मा मात्र सर्वांत आधी हाती येतो, म्हणून प्रस्तावना तेवढ्या मी पूर्ण वाचलेल्या आहेत. याचा परिणाम माझ्या बोलण्यावर झाला, असे आमच्याकडे पुस्तके शिवणाऱ्या मावशींचे मत आहे, आणि त्यांनीच मला 'प्रस्तावना' हे नाव ठेवले. "ए प्रस्तावना, पहिलं प्रकरण कधी सुरू होणार?" असे त्या विचारतात, तेव्हा मी मुद्द्यावर येतो. येथेही येतो.

कारखान्यात आम्ही चौघे. कारखाना बाईंचा. त्या दाराजवळच्या टेबलाशी बसतात आणि कागद कापण्याचे यंत्र स्वतःच चालवतात, कारण दुसऱ्या कोणाचा हात त्यांना सरळ वाटत नाही. मावशी शिवतात. मी घड्या घालतो व पुठ्ठा चढवतो. आणि मामा, जे माझ्या आईचे सख्खे भाऊ असून ज्यांना बाईंपासून सारेच मामा म्हणतात, ते खळ शिजवतात. मागच्या खिडकीखाली त्यांची चूल, त्यांचे पातेले आणि एका बाजूने झिजलेला लाकडी उलथा. पिठाची ही चिकट खळ पुस्तकाच्या पाठीला आणि पुठ्ठ्याला एकत्र धरून ठेवते. पीठ संध्याकाळी भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर शिजवायचे, आणि उतरवल्यावर त्यात मोरचूद मिसळायचे, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी असते. म्हणून खळीचा हात तोंडाला लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. मी नवा असताना मामांनी तो माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवला होता.

आता मुख्य अडचण सांगतो. एका वाचनालयाची पुस्तके आमच्याकडून बांधून गेली आणि थोड्याच काळात परत आली. पुठ्ठे अंगावरून सदरा उतरावा तसे उतरत होते. बाईंनी एक पुस्तक उचलले, त्याची पाठ नखाने सोलली आणि म्हणाल्या, "मामा, ही खळ धरतच नाहीये."

"पीठ खराब आलं असेल," मामा म्हणाले.

"पीठ तेच आहे. हे बघा, आता त्या शाळेचे शब्दकोश आलेत. वजनदार काम आहे. ही खेपसुद्धा परत आली, तर मी तयार गोंदाचे डबे मागवीन. चूल बंद. तुम्ही घड्या घालायला बसा."

"बसेन," मामा म्हणाले, आणि आधीच स्वच्छ असलेले पातेले पुन्हा घासू लागले.

ज्याने सारा जन्म त्या खिडकीखाली उभे राहून काढला, त्याला घड्या घालायला बसवणे म्हणजे काय, हे मी समजू शकत होतो. घड्या मी घालतो, आणि त्या कामात मान कशी खाली जाते हे मला ठाऊक आहे.

याच सुमारास कॉफीचे यंत्र आले. आमचे एक गिऱ्हाईक, ज्यांच्या कचेरीची दप्तरे आम्ही बांधत असू, जागा बदलत होते. त्यांनी जाताना यंत्र आणि कॅप्सूलची बरीच खोकी आम्हाला देऊन टाकली. कॅप्सूल म्हणजे अंगठ्याएवढी बंद वाटी. तिच्यात कॉफीची भुकटी भरलेली असते. ती यंत्रात ठेवायची, दांडा खाली ओढायचा, बटण दाबायचे, की यंत्र क्षणभर कुरकुरते आणि पेल्यात फेसाळ कॉफी उतरते. मला त्या कुरकुरण्याचे फार नवल वाटे. अगदी मनाविरुद्ध काम करणाऱ्या माणसासारखा तो आवाज होता.

येथे आमच्या हातून जी चूक घडली ती केवळ बायंडरांच्याच हातून घडू शकते, असे मला वाटते. खोके आमच्याकडे खोके म्हणून राहत नाही. त्याचा पुठ्ठा होतो. संध्याकाळ होण्याआधीच बाईंनी सारी खोकी कापली आणि ती लहान वह्यांच्या पाठींत गेलीसुद्धा. खोक्यांवर काय छापले होते, कोणती कॉफी सौम्य भाजलेली व कोणती कडक, हे वाचण्याचे मलाही सुचले नाही, आणि मी तर काहीही वाचतो. कॅप्सूलच्या झाकणावर परक्या भाषेतील वळणदार नावे होती, जी कोणालाच कळेनात. तेव्हा मावशींनी कापडाच्या नमुन्यांचा खण रिकामा केला आणि ज्या रीतीने आम्ही कापड लावतो त्याच रीतीने कॅप्सूल लावल्या. फिक्यापासून गडदाकडे. आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, गुलाबी, लाल, निळ्या, शेवटी काळ्या.

खण इतका सुरेख दिसला की त्यावर कोणी शंका घेतली नाही. पांढरी ती सौम्य आणि काळी ती कडक, हे जणू ठरूनच गेले. बाईंना डॉक्टरांनी जपून राहायला सांगितले होते, म्हणून त्यांनी पांढरी घेतली. मावशी म्हणाल्या, "मला काळी द्या. सुई ओवताना डोळे उघडे राहायला पाहिजेत." मी मध्यममार्गी वृत्तीचा असल्याने लाल घेत असे. काही दिवसांतच प्रत्येकाला आपापल्या रंगाचा अभिमान वाटू लागला. बाई म्हणत, "माझी अगदी हलकी आहे हो, संध्याकाळी पिऊनसुद्धा गाढ झोप लागते." मावशी काळी पिऊन टेबलावर पेला आपटत आणि म्हणत, "आली बघा तरतरी."

मामांचा मात्र रंग ठरेना. ते खणावरून हात फिरवीत आणि येईल ती उचलीत. एकदा काळी प्यायले आणि म्हणाले, "आंबट आहे."

"काळी आणि आंबट?" मावशी म्हणाल्या. "मामा, जिभेला गंज चढला तुमच्या."

पुढे एकदा त्यांनी पांढरी घेतली. एक घोट घेऊन त्यांनी पेला दूर धरला. "ही कडू. लई कडक."

"माझी कडक?" बाई हसल्या. "उद्या कागदाला दगड म्हणाल."

मामांनी पेला विसळून उपडा घातला. परंतु माझे कुतूहल तेथेच अडकले. मामा सहज बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांना जर काळी आंबट लागली, तर ती काहीतरी कारणाने लागली असली पाहिजे. मी लागोपाठ दोन दिवस काळी पिऊन पाहिली, पण मला ती कडकच लागली. मग डोळे मिटून प्यायलो, आणि मनात किंचित शंका उत्पन्न झाली.

म्हणून मी एक प्रयोग योजला. दुपारी सर्वजण कामात असताना मी पांढऱ्या व काळ्या कॅप्सूलची कॉफी काढली, पेल्यांच्या बुडाला पेन्सिलीने खुणा केल्या आणि दोन्ही पेले सर्वांसमोर फिरवले. "कोणता कोणाचा, हे रंग न पाहता सांगावे," अशी मी नम्र विनंती केली.

"आता परीक्षा घेतोय हा," मावशी म्हणाल्या, पण पेला घेतला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडे केले. "ही बाईंची. नुसतं गुळमट पाणी."

बाईंनी दुसरा पेला घेतला आणि छातीवर हात ठेवला. "ही मावशींची. बाप रे, धडधडायला लागलं. तुम्ही हे रोज कसं पिता?"

मामांनी दोन्हींतून एकेक घोट घेतला. "पहिली काळी. दुसरी पांढरी."

मी पेले उलटे करून खुणा दाखवल्या. मामा बरोबर होते. मावशींनी जिला गुळमट म्हटले ती त्यांचीच लाडकी काळी होती, आणि बाईंची धडधड त्यांच्याच पांढऱ्या कॅप्सूलची होती.

"खुणांची अदलाबदल केलीस तू," मावशी म्हणाल्या.

तेव्हा मी चाकू घेतला. बायंडराला शंका आली की तो वस्तू उघडून तिची पाठ पाहतो. मी प्रत्येक रंगाची एक कॅप्सूल चिरली आणि भुकटी कोऱ्या कागदावर ओळीने पसरली. पांढऱ्या कॅप्सूलच्या पोटात जवळजवळ कोळशासारखी भुकटी होती, तेलकट आणि चमकणारी. काळीच्या पोटात फिकट, सुक्या पानासारखी. बाकीच्या त्या दोघींच्या मध्ये कुठेतरी. वरच्या रंगाचा आतल्या भाजण्याशी काडीमात्र संबंध नव्हता. आम्ही सारे कागदावर वाकलो.

"म्हणजे इतके दिवस मी रंग पीत होते," मावशी म्हणाल्या.

"आणि मी झोपत होते," बाई म्हणाल्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत दाराबाहेर गेल्या.

आता उरली गुलाबी, जी आजवर कोणीच उचलली नव्हती. तिची भुकटी ना फिकी ना गडद. मी तिची कॉफी काढली, आणि यंत्र कुरकुरू लागताच कारखान्यात असा गोड सुगंध पसरला की मावशींनी सुई थांबवली. त्यात व्हॅनिला मिसळलेला होता. बिस्किटांचा डबा नुकताच उघडावा तसे वाटले. खळीचा, कागदाचा, यंत्राच्या तेलाचा, सर्व वास त्याखाली दबले.

मी पेला मामांपुढे धरला. त्यांची जीभ आता आमच्यात प्रमाण मानली गेली होती. त्यांनी घोट घेतला, थोडे थांबले आणि म्हणाले, "साधी आहे. आंबट नाही, कडू नाही. हिच्यात काहीच नाही."

मी मावशींकडे पाहिले. मावशींनी माझ्याकडे पाहिले.

"मामा," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "बिस्किटांचा वास येतोय कारखानाभर."

मामांनी पेला खाली ठेवला. "येत असेल," ते म्हणाले, आणि चुलीकडे गेले.

वाचकहो, माझ्या कुतूहलाला उत्तर मिळाले होते आणि ते मिळाल्याचा मला आनंद झाला नाही. आम्ही तिघेही कॉफी पिताना तिचा वास, तिचा रंग आणि आपापला अभिमान असे सर्व एकत्र पीत होतो. मामांजवळ फक्त जीभ शिल्लक होती, आणि म्हणूनच ते फसले नव्हते. परंतु खळ बिघडली की नाही, हे मामा आयुष्यभर नाकानेच ओळखत आले होते. पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, मग "झाली" म्हणायचे. अलीकडेही ते तसेच वाकत आणि डोळे मिटत. मी रोज पाहत होतो.

मी त्यांच्यामागे खिडकीपाशी गेलो. "कधीपासून, मामा?"

"थंडीत ताप आला होता ना. गेला तो वासही घेऊन गेला." ते उलथ्याचा झिजलेला काठ अंगठ्याने चाचपत होते. "घट्ट झाली की हाताला कळतं. पण खाली करपली तर कळत नाही. पीठ आंबलं तर कळत नाही. आठवणीवर शिजवतोय."

"माझे नाक आहे की. मी वास घेत जाईन."

"तुझं नाक पुस्तकात असतं."

"बाईंना सांगायला हवं ना?"

"शब्दकोश जाऊ दे. टिकले तर सांगेन. नाही टिकले तर सांगायची गरजच राहणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सांगू नकोस. मावशींनाही म्हणावं, सांगू नका."

मी तसे वचन दिले, आणि ते देताना मनात म्हटले की शब्दकोश टिकणार कसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचलो. आदल्या संध्याकाळी भिजवलेल्या पिठावर वाकून मी मन लावून वास घेतला. हवा उकाड्याची होती, तरी मला वावगे काही जाणवले नाही. "उत्तम आहे," असे मी मामांना सांगितले.

मामा यंत्राशी उभे होते. त्यांनी एक काळी आणि एक पांढरी अशा दोन कॅप्सूलची कॉफी काढून घेतली होती आणि ते आळीपाळीने एकेक घोट घेत होते. "आंबट," ते पुटपुटले. दुसरा पेला. "कडू." पुन्हा पहिला. मला वाटले त्यांचे मन उदास आहे. पण त्यांचा चेहरा उदास नव्हता. अवघड घडी कशी घालावी याचा विचार करणाऱ्याचा तो चेहरा होता.

"अरे," ते म्हणाले, "खळीत तरी दुसरं काय बिघडतं?"

"म्हणजे?"

"आंबली की आंबट. करपली की कडू. तिसरं काय होतं तिचं?"

असे म्हणून ते पिठाच्या भांड्याकडे आले, त्यात बोट बुडवले आणि तोंडाकडे नेऊ लागले. मी झडप घालून त्यांचे मनगट धरले. त्यांनीच पट्टी मारून शिकवलेला धडा माझ्या हाताने आपण होऊन पाळला.

"सोड," मामा म्हणाले. "मोरचूद कुठंय त्यात अजून?"

मी हात सोडला. मोरचूद खरोखरच नव्हते. ते खळ उतरवल्यावर, सर्वांत शेवटी पडते. त्याआधी भांड्यात असते ते केवळ पीठ आणि पाणी. परंतु विष नंतर पडणार म्हणून आमच्यापैकी कोणाचेही तोंड आधीपासूनच बंद होते, आणि इतक्या वर्षांत कोणाला हे लक्षात आले नव्हते, मामांनाही नाही.

त्यांनी बोट जिभेला लावले. "आंबलंय."

मी पुन्हा वास घेतला. मला काहीच येईना. मावशी तेवढ्यात आल्या होत्या. काय चालले आहे ते ऐकून त्यांनीही बोट बुडवले आणि ओठ आवळले. "आहे थोडं. मी असते तर सोडून दिलं असतं, पण आहे."

मामांनी भांडे उचलले आणि सारे पीठ मोरीत ओतले. नेमक्या त्याच वेळी बाई आत आल्या.

"मामा, शब्दकोशांची खळ ओतताय?"

मी बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि मावशींनी माझ्या पायावर पाय ठेवला. ते योग्यच होते, कारण जे सांगायचे होते ते सांगणे मामांचे काम होते. त्यांनी भांडे विसळून उपडे घातले, हात पुसले आणि सांगितले. ताप, वास, वाचनालयाची पुस्तके, गुलाबी कॉफी, सर्व. आवाज चढवला नाही किंवा माफीही मागितली नाही. शेवटी म्हणाले, "जीभ शाबूत आहे. चालत असेल तर बघा. नसेल तर मी घड्यांना बसतो."

बाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"थंडीपासून," त्या म्हणाल्या. "आणि मला मी पीत असलेल्या कॉफीचंही कळत नव्हतं." मग उठल्या, चुलीजवळच्या फळीवरून मोरचुदाची बरणी काढली आणि आपल्या टेबलावर ठेवली. "ही इथं राहील. तुम्ही पीठ चाखायचं, शिजल्यावर पुन्हा चाखायचं, मला येऊन सांगायचं, मग बरणी न्यायची. कधी उलटं झालं, चाखायच्या आधी बरणी हलली, तर त्या दिवसापासून चूल बंद. मला कारखान्यात कोणी मेलेलं चालणार नाही."

"आणि शब्दकोश?" मामांनी विचारले.

"ते परत आले तर डबे येतील. ते बोलणं मी मागं घेत नाही."

मामांनी नवे पीठ भिजवले आणि त्या दिवशी ते फार वेळ मुरू न देता शिजवले. शिजत असताना त्यांनी उलथ्याच्या टोकावरून दोनदा चव घेतली. दुसऱ्यांदा त्यांनी एकदम आच कमी केली आणि तळ खरवडला नाही, वरची खळ तेवढी दुसऱ्या पातेल्यात काढली. आम्ही जाऊन पाहिले, तर तळाशी नखाएवढा तपकिरी डाग धरू लागला होता. वास कोणालाच आला नव्हता. मामा बाईंच्या टेबलाशी गेले, "गोडसर आहे," म्हणाले आणि बरणी घेऊन आले.

शब्दकोश बांधून दाबाखाली ठेवले. सुकल्यावर मामांनी त्यांतला सर्वांत जाड उचलला, फक्त पुठ्ठ्याला धरून वर केला आणि तसाच अधांतरी लटकवत ठेवला. सारी पाने त्या पाठीला लोंबत होती. मावशी म्हणाल्या, "पुरे की हो, त्याचाही जीव आहे." मामांनी तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

खेप गेली. पुढे कित्येक दिवस दाराशी गाडी थांबली की मामांचा उलथा थांबे. अखेर एके दुपारी शाळेचा शिपाई एक जड गठ्ठा घेऊन आला. मामा चुलीपाशी ताठ उभे राहिले आणि भिंतीकडे पाहू लागले. बाईंनी दोरी सोडली. आत फाटलेले नकाशासंग्रह होते. "शब्दकोशांसारखेच बांधायला सांगितलंय," शिपाई म्हणाला. मामांनी मान हलवली आणि पीठ मोजायला घेतले.

खण आता पुन्हा लावलेला आहे, रंगाने नव्हे तर आतल्या भुकटीच्या छटेने, आणि तो पाहायला अजिबात सुरेख वाटत नाही. मावशी काळीच पितात. त्यांचे म्हणणे की तरतरी त्यांना रंगाने येते, मग कमी कडक असल्याने काय बिघडले. बाईंनी सत्य कळल्यानंतरही पांढरी चालू ठेवून पाहिली. मात्र त्याच दिवसापासून त्यांची झोप उडाली, आणि त्यांना निमूटपणे काळीवर यावे लागले. जे कॉफीला जमले नव्हते ते केवळ कळण्याने कसे घडले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

गुलाबी कॅप्सूल आम्ही कोणी पीत नाही. त्या मामांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. अधूनमधून ते एक यंत्रात ठेवतात, पेला नाकाखाली धरून डोळे मिटतात आणि मला विचारतात, "येतोय का वास?"

"येतोय, मामा."

"कसा?"

मग मी हातातील घडी बाजूला ठेवतो आणि त्यांना सांगू लागतो. त्या वेळी माझे सर्व वाचलेले शब्द अपुरे पडतात, तरी ते ऐकून घेतात.

ज्या वाचकांनी माझ्या या ओबडधोबड लेखनाची पाने शेवटपर्यंत उलटली, त्यांचा मी अत्यंत ऋणी आहे. आपल्या हातातील पुस्तकाची पाठ कधी सुटू नये, ही सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

आपला नम्र,
बायंडर, जो मित्रमंडळींत 'प्रस्तावना' या नावाने ओळखला जातो